तुटपुंज्या भांडवलातला व्यवसाय: पैसा अडकू न देता सुरू कसा करायचा, वाढवायचा कसा

माझ्या शिलाई मशीनखाली एक खोका बरेच महिने पडून होता. त्यात जांभळ्या चेनचे रोल. कापडी पिशव्या शिवून विकायला सुरुवात केली तेव्हा ठोकवाले म्हणाले, "ताई, पाच रोल एकदम घेतलेत तर वीस टक्के कमी लावतो." घेतले. वाचलेल्या वीस टक्क्यांचा आनंद आठवडाभर टिकला. मग काळं कापड आणायची वेळ आली आणि हात रिकामा. भांडवल सगळं जागेवरच होतं, फक्त त्याचा रंग जांभळा होता. आणि जांभळी पिशवी महिन्यातून दोघीच जणी मागायच्या.

तेव्हापासून धंद्यात पैसा कमी पडला की मी आधी तो कुठे बसलाय ते शोधते: फळीवरच्या मालात, गिऱ्हाइकाच्या खिशात, की हौसेनं घेतलेल्या यंत्रात. हे सगळं मी त्याच नजरेनं लिहिते आहे. उदाहरणं पिशव्यांची आहेत कारण मला तेवढंच नीट येतं. आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेत. चलन कुठलंही धरा.

आधी ठरवा: बुडाले तरी चालतील असे किती?

पहिला आकडा हा. "किती लागतील" हा प्रश्न त्यानंतरचा. घरखर्चाचे निदान सहा महिने बाजूला काढा, ज्यांना नोकरी आहे त्यांनी ती लगेच सोडू नका, आणि उरलेल्यातून जी रक्कम गेली तरी घरात रडारड होणार नाही ती धंद्याची. ती वेगळ्या खात्यात टाका. त्या खात्यातून घरचं बिल भरायचं नाही आणि घरच्या पैशातून धंद्याचा माल आणायचा नाही. आणलाच तर वहीत "मालकाकडून उसने" असं लिहा. ही सवय पहिल्या दिवशी लागली नाही तर पुढे लागत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

नोंदणी, परवाना, कर यांचे नियम जागेप्रमाणे आणि मालाप्रमाणे बदलतात. पहिल्या विक्रीआधी हिशेबनिसाकडे तासभर बसून विचारून घ्या. त्याची फी हा कामाचा खर्च आहे. विक्रीवर कर गोळा करावा लागत असेल तर तो आल्या दिवशीच वेगळा काढा. तो तुमच्याकडून जाणार आहे, त्याला उलाढालीत मोजू नका.

काय विकायचं?

आवड वगैरे ठीक आहे, पण थोड्या पैशात काही धंदे मुळातच सोपे जातात. ज्यात गिऱ्हाईक आधी पैसे देतं, माल साठवावा लागत नाही आणि तेच गिऱ्हाईक महिन्या-दोन महिन्यांनी परत येतं, तिथे तुटपुंजं भांडवलही पुरतं. म्हणून हातात कसब असेल तर सेवेपासून सुरुवात करा: दुरुस्ती, शिकवणी, शिलाई, हिशेब लिहून देणं, डिझाइन. कापड गिऱ्हाइकाचं आणि शिलाई माझी, असं मी पहिले चार महिने केलं असतं तर मला साठ्याचा खर्चच नव्हता. मी मात्र आधी माल भरला आणि मग गिऱ्हाईक शोधत बसले.

बनवण्याआधी विकून बघा

१९९९ मध्ये निक स्विनमर्न नावाच्या तरुणाला इंटरनेटवर बूट विकायचे होते. लोक पायात न घालता बूट घेतील की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यानं गोदाम घेतलं नाही. जवळच्या दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, वेबसाइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला बूट विकत घेऊन पाठवले. त्यात नफा होणार नव्हताच. त्याला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि ते साठा न भरता मिळालं. पुढे त्यातूनच झॅपोस ही कंपनी उभी राहिली.

आपण हेच लहान प्रमाणात करायचं. एक-दोन नमुने तयार करा, फोटो काढा, किंमत लिहा आणि ओळखीत नसलेल्या लोकांना दाखवा. ओळखीचे लोक "छान आहे गं" म्हणतात आणि ते मनापासून म्हणतात, पण त्यावर कापड आणायचं नसतं. इसार म्हणून थोडी रक्कम मागून बघा. "छान आहे" म्हणणाऱ्या दहांपैकी किती जण पाकिटाला हात घालतात, ते मोजा. एकानेही घातला नाही तर एक जुना कागद घ्या आणि प्रत्येकानं काय कारण सांगितलं ते त्याच्याच शब्दांत उतरवा. "महाग आहे" आणि "मला याचा उपयोग नाही" ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि औषधंही वेगळी. माझ्या पहिल्या पिशवीबद्दल सात जणींनी एकच सांगितलं: आत कप्पा नाही. तो शिवायला सहा मिनिटं लागतात.

किंमत: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त लहान धंदे इथे चुपचाप गळतात, म्हणून जरा थांबून लिहिते.

सुरुवातीला माझा हिशेब असा होता: कापड ५२, अस्तर १४, चेन-रनर आणि हँडलची पट्टी १८, मिळून ८४. पिशवी विकते २०० ला. म्हणजे नफा ११६! दोन महिने असं मनातल्या मनात श्रीमंत होऊन झालं आणि तरी गल्ल्यात काही उरेना. मग एका संध्याकाळी एका पिशवीचा जन्मापासूनचा खर्च मांडला.

कापड, अस्तर, चेन, पट्टी: ८४
दोरा, लेबल: ४
पॅकिंग: ६
इथवर ९४. पण वीसातली एक पिशवी बिघडते, म्हणून ९४ चे झाले ९९.
माझी मजुरी, ४० मिनिटं, तासाला ६० प्रमाणे: ४०
विक्रीवरचं कमिशन १५ टक्के, म्हणजे २०० वर ३०

एकूण १६९. एका पिशवीमागे खरे सुटतात ३१.

मजुरी धरली म्हणून काही जण हसतात. "स्वतःच्या घरात स्वतःलाच पगार?" हो. उद्या हात दुखला आणि कुणाला कामाला लावावं लागलं तर तो माणूस फुकट शिवणार नाही. आज किमतीत मजुरी नसेल तर तुमचा धंदा तुमच्या फुकटच्या कष्टांवर उभा आहे आणि तो कधीच वाढू शकत नाही.

आता पुढचा भाग. पिशवी विकली जावो न जावो, महिन्याला लागणारा खर्च वेगळा लिहा: जागेचं भाडं, वीज, फोन, मशीनची देखभाल आणि घसारा (मशीन झिजल्यानं कमी होणारी तिची किंमत). माझा ६,२०० होता. ६,२०० भागिले ३१, म्हणजे २००. महिन्याला २०० पिशव्या विकल्या की ना नफा ना तोटा. दोनशे पिशव्या म्हणजे १३३ तास नुसती शिलाई. खरेदी, विक्री, फोटो, फेऱ्या वेगळ्याच.

मग किंमत २२० केली. कमिशन ३३ झालं, खर्च १७२, सुटले ४८. आणि ६,२०० ला ४८ नं भागलं की १३० पिशव्या. किंमत दहा टक्क्यांनी वाढली आणि डोक्यावरचं ओझं सत्तर पिशव्यांनी उतरलं. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती होती. दोघी-तिघी गेल्या.

याच हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे सवलत. १०० ला विकता, खर्च ८०, सुटतात २०. दहा टक्के सूट दिलीत की सुटतात १०. आधीइतकाच नफा हवा तर विक्री दुप्पट व्हायला पाहिजे. "सेल" लावण्याआधी कागदावर एवढं लिहून बघा, बरेच सेल तिथेच रद्द होतील.

मोठ्यांनीही इथे ठोकर खाल्ली आहे. 'एचपी' कंपनीचे संस्थापक बिल ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी १९३९ मध्ये एका गॅरेजमध्ये ५३८ डॉलरवर भागीदारी सुरू केली. पहिलं उपकरण ध्वनीच्या चाचणीसाठीचं ऑसिलेटर. नाव ठेवलं '२००ए', कारण नुसतं 'एक' म्हटलं तर लोकांना कळेल की कंपनी कालचीच आहे. किंमत ठरवली ५४.४० डॉलर, आणि ती खर्च मोजून ठरवलेली नव्हती. तो आकडा अमेरिकेच्या एका जुन्या सीमावादाच्या घोषणेतला होता. थोड्याच दिवसांत कळलं की त्या पैशात ते बनतच नाही. त्यांचं नशीब असं की स्पर्धकाचं उपकरण कितीतरी महाग होतं, त्यामुळे भाव वाढवायला जागा मिळाली. आपल्याला ती मिळेलच असं धरून चालू नये.

पैसा किती दिवसांत परत येतो?

समजा हातात १०,००० आहेत आणि सगळे मालात घातले. कापड सरासरी १५ दिवस पडून राहतं, शिलाईला ५ दिवस, आणि गिऱ्हाईक ३० दिवसांनी पैसे देतं. पैसा घरी परतायला ५० दिवस. वर्षात सातेक फेऱ्या. प्रत्येक फेरीत सगळं वजा जाता १,००० उरले तर वर्षाचे ७,०००.

आता कापड दर आठवड्याला लागेल तेवढंच आणलं, म्हणजे ते ६ दिवसच पडून राहिलं. शिलाई ४ दिवसांत. उधारी १५ दिवसांवर आणली. मिळून २५ दिवस. तेच १०,००० वर्षात चौदा वेळा फिरले, म्हणजे १४,०००. नवं भांडवल कुणाकडे मागावं लागलं नाही, किंमत वाढवावी लागली नाही.

तुमच्या धंद्याचे दिवस असेच मोजा. माल आल्याच्या तारखेपासून पैसे हातात पडल्याच्या तारखेपर्यंत, अलीकडच्या पाच व्यवहारांचे. पुरवठादार तुम्हाला काही दिवसांची उधारी देत असेल तर तेवढे दिवस वजा करा. मग जो आकडा येईल त्यातला सगळ्यात मोठा तुकडा पकडा आणि आधी तोच कमी करा. ठोकात घेतलेला माल स्वस्त पडतो हे खरं, पण तो चार महिने पडून राहिला तर स्वस्ताई कुठे गेली? अपवाद एकच: जो माल रोज लागतो आणि जुना होत नाही, उदाहरणार्थ काळा दोरा. तो मी खुशाल पेटीभर घेते.

मायकेल डेल यांनी १९८४ मध्ये १,००० डॉलरवर संगणक जोडून विकायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या कंपनीची घडी अशी बसली की गिऱ्हाइकाचे पैसे आधी यायचे आणि सुट्या भागांचे पैसे पुरवठादारांना नंतर जायचे. धंदा गिऱ्हाइकाच्या पैशावर चालत होता. आपल्याला तितकं जमणार नाही, पण "निम्मे आधी, निम्मे माल हातात पडताना" एवढं बहुतेक ठिकाणी जमतं. मागायची लाज वाटते, इतकंच.

उधारी

एका दुकानानं माझ्याकडे ३०० पिशव्या मागितल्या. रक्कम ६०,०००, पैसे ६० दिवसांनी. मी घरी येऊन पेढेच वाटायचे बाकी ठेवले होते. माल आणायला २८,२०० लागणार होते, ते भाड्याचे आणि दुसऱ्या ऑर्डरींच्या इसाराचे पैसे ओढून उभे केले. पाच आठवडे दुसरं काही शिवलं नाही आणि रोख देणारी रोजची गिऱ्हाइकं परत पाठवली. साठ दिवसांचे नव्वद झाले. दर फोनला "साहेब बाहेर आहेत". पैसे शेवटी आले, सगळे आले, पण मधल्या काळात मी भाड्यासाठी बहिणीकडे हात पसरला होता.

आता मोठी ऑर्डर आली की मी ती तोडते: ५० पिशव्यांचा पहिला लॉट, त्याचे पैसे आले की दुसरा. ५० पिशव्यांना माल लागतो ४,७०० चा, तेवढा मला झेपतो. जे याला तयार होत नाहीत त्यांना नमस्कार. उधारी द्यायचीच तर तारीख आणि रक्कम लिहून, प्रत्येकाची मर्यादा ठरवून, आणि आधीची चुकती झाल्याशिवाय नवी नाही. तारखेच्या दोन दिवस आधी आठवणीचा फोन करा. तारीख उलटल्यावर केलेला फोन तगादा होतो, आधी केलेला फोन चौकशी होते.

बुडालेल्या उधारीचा हिशेबही एकदा करून बघा. १०० च्या विक्रीत २० सुटतात आणि ते १०० बुडाले, तर पदरचे ८० गेले. ते भरून काढायला आणखी चार विक्र्या फुकट करायच्या.

उलट बाजूनं, पुरवठादार "तीस दिवसांत द्या, पण दहा दिवसांत दिलेत तर दोन टक्के कमी" म्हणत असेल आणि तुमच्याकडे रोकड पडून असेल तर सूट घ्या. वीस दिवस आधी देण्याचे दोन टक्के म्हणजे वर्षाच्या हिशेबानं ३७ टक्क्यांच्या आसपास पडतात.

कर्ज घ्यायचं झालंच तर

जो माल विकला जातोय आणि पैशाअभावी पुरवता येत नाही, त्यासाठी कर्ज घेणं शहाणपणाचं. दुकान सजवायला, किंवा "घेतलं की विक्री सुरू होईल" अशा आशेनं घेतलेलं कर्ज झोप उडवतं.

व्याजदर 'फ्लॅट' आहे की घटत्या शिल्लकीवर, हे विचाराच. १,२०० चं कर्ज, १० टक्के फ्लॅट, म्हणजे १२० व्याज आणि ११० चे बारा हप्ते. ऐकायला दहा टक्के. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र पूर्ण रकमेवर. खरा दर पडतो जवळजवळ १८ टक्के.

आणि व्याज नसलेलं कर्ज सगळ्यात महाग पडू शकतं. बांगलादेशातल्या जोब्रा गावात १९७६ मध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी बांबूचे मोडे (बसायची स्टुलं) विणणाऱ्या बायकांची चौकशी केली. त्या व्यापाऱ्याकडून उधारीवर बांबू घ्यायच्या, अट अशी की मोडा त्यालाच आणि तो म्हणेल त्या भावानं द्यायचा. कष्ट दिवसभराचे, सुटायचे पैसे-दोन पैसे. गावातल्या अशा ४२ जणांना त्या फासातून सोडवायला लागत होते सगळे मिळून २७ डॉलर. तेव्हा "माल मी देतो, तयार वस्तू मलाच द्या" असं कुणी आपुलकीनं म्हणालं तर भाव कोण ठरवणार ते आधी विचारा.

वही

सॉफ्टवेअर नंतर. आधी एक जाड वही, रोज रात्री दहा मिनिटं. डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर गेलेले, खाली शिल्लक. ती शिल्लक गल्ल्याशी आणि खात्याशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर त्याच रात्री शोधायचं, कारण उद्या आठवत नाही. इटलीचे गणिती लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंदीची (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची) पद्धत मांडली. हिशेबशास्त्र आजही मुख्यतः तिच्यावरच चालतं. पण तिथवर जायच्या आधी रोजमेळ तरी जुळू दे.

वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या १३ आठवड्यांचा तक्ता आखा. प्रत्येक आठवड्यात नक्की येणारे, नक्की जाणारे, उरणारे. "येतील बहुतेक" असे पैसे त्यात लिहायचे नाहीत. तक्त्यात नवव्या आठवड्यापाशी खड्डा आजच दिसला तर हातात आठ आठवडे असतात. नवव्या आठवड्यात तो कळला तर फक्त बहीण असते.

गिऱ्हाईक टिकवणं

जाहिरातीवर पैसे घालायच्या आधी जुन्या गिऱ्हाइकांची यादी काढा. नाव, काय घेतलं, कधी घेतलं. तीन महिन्यांनी त्यांना विचारा, पिशवी कशी चालली आहे? चेन अडकत असेल तर फुकट बदलून द्या. माझ्या निम्म्याहून जास्त नव्या ऑर्डरी असल्या फोनमधून येतात. जाहिरात करायचीच तर एका वेळी एकच, थोड्या पैशाची. आणि येणाऱ्या प्रत्येकाला "आमच्याबद्दल कुठे कळलं?" हे विचारून वहीत लिहा.

वाढवायचं कधी?

विक्री वाढली की पैसा वाढेल असं वाटतं. आधी तो कमी होतो. रोज २०० चा माल लागतो आणि पैसा ५० दिवसांनी परततो, तर अडकलेले १०,०००. विक्री दुप्पट झाली की अडकतात २०,०००, आणि ते वरचे १०,००० नफा हातात पडायच्या आधी लागतात. चांगले चाललेले धंदे असे बंद पडतात, ऑर्डरींच्या ढिगाखाली. म्हणून आधी दिवस कमी करा, मग विक्री वाढवा.

वाढवताना अडतंय कुठे ते नेमकं बघा. मला वाटायचं दुसरं मशीन हवं. आठवडाभर वेळ लिहून काढला तेव्हा कळलं की मशीन दिवसाचे तीन तास बंदच असतं, कारण मी कापत असते. मशीनऐवजी कापायला अर्धा दिवस एक मुलगी ठेवली. तिला ठेवायच्या आधी तिचा तीन महिन्यांचा पगार वेगळा काढला होता. सलग दोन महिने ऑर्डरी परत पाठवाव्या लागत असतील तरच माणूस घ्या. एखाद्या सणासुदीच्या गर्दीवर पगार बांधून घेऊ नका. यंत्र लागलंच तर आधी भाड्यानं, मग जुनं, मग नवं.

आणि एकाच गिऱ्हाइकाकडून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त विक्री येऊ लागली की सावध व्हा. तो सर्दीनं आजारी पडला तरी ताप तुम्हाला येतो.

दर तीन महिन्यांनी एक दिवस दुकान बंद ठेवून फळीवरचा माल मोजा. ९० दिवसांत हललं नाही ते एका बाजूला काढा आणि किती नुकसान होतंय याचा विचार न करता विका. खरेदीची किंमत गेलेलीच असते. मी त्या दिवशी जांभळ्या चेनचा खोका मशीनखालून ओढला, रोल मोजले, साडेचार भरले. एका ओळखीच्या शिंपीणबाईंना निम्म्या भावात दिले. आलेल्या पैशातून काळ्या चेनचा एक रोल आणि थोडं काळं कापड आणलं. ते नऊ दिवसांत संपलं.